भिंत चढण्याचा संकल्प

माझी ताई शरदिनी हिनं आयुष्यात गोड बोलून कुणाचंही भलं केलेलं नाही. जे काही भलं केलं ते माणसाला रडवून. ज्यांना रडवलं तेच पुढे पेढ्यांचे डबे घेऊन दारात आले, आणि ते पेढे मुख्यतः मी खाल्ले. तेव्हा तिच्याबद्दल लिहायचा पहिला हक्क माझा आहे.

आम्ही काशीतले मराठी. पणजोबांच्याही आधी कुणी एक पूर्वज यात्रेला आला आणि परत जायच्या आळसानं इथेच राहिला, त्याचे आम्ही वंशज. आळस माझ्यापर्यंत नीट पोचला आहे. घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि भांडणात दोन्ही. वडील नरहरशास्त्री, म्हणजे आमचे अण्णा, घाटावर बांबूच्या छत्रीखाली चौकी मांडून बसायचे आणि वऱ्हाडातून येणाऱ्या यजमानांची श्राद्धं, तर्पणं, जप करायचे. आई आनंदी घर चालवायची आणि अण्णांनाही. मी उल्हास, विश्वविद्यालयाच्या दफ्तरात कारकून. फाइल या टेबलावरून त्या टेबलावर नेतो. आजवर एकही फाइल माझ्यामुळे जखमी झालेली नाही.

ताईनं मात्र जखमींचाच धंदा धरला. मामाकडे मुंबईला राहून ती फिजिओथेरपी शिकून आली आणि शहराबाहेरच्या एका कामगार इस्पितळात लागली. ही गोष्ट चौसष्ट सालची. फिजिओथेरपी म्हणजे काय हे तेव्हा आमच्या गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं. आई शेजारणींना सांगायची, 'ती हाडांची मास्तरीण आहे.' गल्ली म्हणायची, मालिशवाली. ग्वाल्हेरहून एक स्थळ आलं होतं. मुलानं चहा पिता पिता विचारलं, "तिथे पुरुषांना हात लावावा लागतो का?" ताई म्हणाली, "लागतो. तुमचा डावा खांदा उतरलाय, त्यालाही लावावा लागेल." मुलानं चहा अर्धा ठेवला. त्यानंतर स्थळं येईनाशी झाली आणि ताईच्या चेहऱ्यावर तेज आलं.

इस्पितळातल्या तिच्या खोलीला सगळे कसरतखाना म्हणत. खोलीत दोन बाकं, भिंतीत ठोकलेल्या कप्प्या, दोऱ्या, वाळूच्या पिशव्या, गरम मेणाची एक परात, आणि रांगेत बसलेली माणसं: यंत्रात बोटं गेलेली, पोत्याखाली पाठ गेलेली, शिडीवरून पडलेली. डॉक्टर विचारतात, दुखतं कुठे? ताई ते विचारायचीच नाही. तिचा पहिला प्रश्न असायचा, "काम क्या करते हो?" कारण माणसाला हात बरा करायचा नसतो, त्याला काम करायचं असतं, असं तिचं म्हणणं. मनगट मोडलेल्या कचोरीवाल्याला ती कणकेचा गोळा आणि लाटणं द्यायची. नावाड्याच्या हातात वल्ह्याचा दांडा. हमाल पोतं उचलायला नको म्हणाला, तर ती त्याच्याच पाठीवर स्वतः चढेन अशी धमकी द्यायची, आणि ती चढलीही असती.

"दीदी, बहुत पिराता है, घर जाने दो," असं कुणी रडकुंडीला येऊन म्हणालं, की ती म्हणायची, "जाओ ना. बाकी जिंदगी मेहरारू खिला देगी अपने हाथ से." बायकोच्या हातून जेवायचं म्हटल्यावर तो खाली बसायचा. 'यंत्र माणसाला एकदाच मारतं,' ती घरी येऊन आम्हाला सांगायची, 'नंतर तो हात कवटाळून बसून राहतो ना, ते मारणं त्याचं स्वतःचं.' अण्णांना हे बोलणं आवडायचं नाही. बसून राहणं हा आमच्या घरात पिढीजात उद्योग होता.

बहात्तर सालच्या जुलैत अण्णा घाटाच्या पायऱ्यांवरून पडले. पाणी चढायला लागलं होतं, चौकी वर हलवायची होती, एका हातात तांब्याची घागर, दुसऱ्यात आसनं. शेवाळावर पाय गेला आणि अण्णा सहा पायऱ्या उजव्या खांद्यावरून उतरले. पंडिताचा कारखाना म्हणजे घाट, तेव्हा हा अपघात कामावरचाच म्हणायचा. फक्त मालक गंगा असल्यामुळे तक्रार कुणाकडे करायची हे समजेना.

दंडाचं हाड वरच्या बाजूला चिरलं होतं. चार आठवडे हात गळ्यात होता. झोळी सुटली तेव्हा हाड जुळलं होतं, पण खांदा लाकूड झाला होता. हात नाभीच्या जरा वर यायचा आणि तिथेच थबकायचा. आणि पितृपक्ष सात आठवड्यांवर आला होता.

पितृपक्षाचे पंधरा दिवस म्हणजे अण्णांचं अख्खं वर्ष. आणि त्या कामाला उजवा हात लागतोच. यजमानाला पाणी सोडायला शिकवायचं ते हातानं, आशीर्वादाला डोक्यावर ठेवायचा तोही हाच हात. शिवाय आम्ही शुक्ल यजुर्वेदी माध्यंदिन. आमच्या शाखेत वेद नुसता तोंडानं म्हणत नाहीत, हातानंही म्हणतात. स्वर चढला की हात वर, उतरला की खाली, मधला असला की आडवा. लहानपणी मंत्र बरोबर म्हणूनही हात चुकला म्हणून मी थपडा खाल्ल्या आहेत, आणि म्हणूनच मी कारकून झालो. हात न हलवता म्हटलेला मंत्र अण्णांच्या लेखी बोबडा. आणि घाटावरची चौकी एक हंगाम रिकामी राहिली, की तिच्या जागी दुसऱ्याची छत्री उगवते; मग ती ब्रह्मदेवालाही उपटता येत नाही. अण्णांचं वय बासष्ट. चौकीवाचून ते काय करणार होते हे घरात कुणीही तोंडानं बोलत नव्हतं. आईनं एकदाच मला विचारलं, "हात नाही उठला तर रे?" मी फाइल सापडत नसल्यासारखा चेहरा केला.

ताईच्या हाती घरचाच रोगी आला होता. पण अण्णा सोवळ्यातले. पहाटे स्नान, मग संध्या, पूजा, पारायण. दुपारचं जेवण होईपर्यंत त्यांना कुणी शिवायचं नाही. जेवणानंतर झोप, उठून पुन्हा स्नान, पुन्हा सोवळं. आणि ताई तर इस्पितळातून आलेली, दिवसभर अठरा जातींचे खांदे पिळून. अण्णा म्हणाले, "तू दारातून सांग, मी करतो."

मग ताईनं उंटावरून शेळ्या हाकायला सुरुवात केली. उंबऱ्याबाहेर उभी राहून ती सांगायची, भिंतीकडे तोंड करा, बोटं भिंतीवर ठेवा, कोळी चढतो तसं एकेक बोट वर न्या. दहा वेळा, दिवसातून तीनदा. दर रविवारी ती तिचं मोठं लाकडी कोनमापक दारातूनच हवेत धरायची आणि एक डोळा मिटून अण्णांचा हात किती अंश उठला ते मोजायची. फोटो काढायला आल्यासारखं दिसायचं ते.

पहिल्या आठवड्यातच घोडं पेंड खायला लागलं. अण्णांचा खांदा भोपळ्यासारखा सुजला.

"किती वेळा केलंत?" ताईनं विचारलं.

"एकशेआठ."

"मी दहा म्हणाले होते!"

"दहा हा काय आकडा आहे? दहानं काय सिद्ध होतं?" अण्णा म्हणाले. त्यांनी डाव्या हातात माळ घेऊन मोजून भिंत चढली होती, एक मणी चुकला नव्हता. ताई जे बोलली ते मी इथे लिहीत नाही, कारण त्यातलं बरंचसं ती नावाड्यांकडून शिकली होती. अण्णा दुखावले. मुलगी आपल्या श्रद्धेची किंमत करत नाही म्हणाले. पण नंतर ते शांत झाले, अगदी संशय यावा इतके शांत. रोज सांगायचे, "व्यायाम चालू आहे." ताईला वाटलं, म्हातारा वठणीवर आला.

आमच्याकडे नीलकंठभट म्हणून अण्णांचे जुने जोडीदार होते. जपाला, पारायणाला, श्राद्धाच्या पंगतीला अण्णांच्या बाजूला बसायचे. पोटानं मोठे, मनानं त्याहून मोठे, आणि सांगितलेल्या कामाला कधी नाही न म्हणणारे. ते हल्ली रोज दोन-तीनदा आतल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायचे. मला वाटलं, जप.

पहिल्या रविवारी कोन साठ अंश. दुसऱ्या रविवारी साठ. तिसऱ्या रविवारी साठ. ताई दारात कोनमापक घेऊन चिडून उभी, आणि तेवढ्यात आईनं आतून हाक मारली, "नीलकंठभाऊजी, वरच्या फळीवरची आवळ्याची बरणी द्या हो." नीलकंठभटांनी उजवा हात सरळ वर केला आणि बरणी काढून दिली.

ताईनं कोनमापक खाली केलं. दहा वर्षांपूर्वी घागर उचलताना नीलकंठभटांचा खांदा धरला होता आणि तेव्हापासून त्यांचा हात छातीच्या वर गेला नव्हता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. ताईनं तर त्यांच्यामागे लागून लागून नाद सोडला होता.

"काका, परत हात वर करा."

त्यांनी केला. दंड कानाला लागला.

"हे कसं झालं?"

नीलकंठभट अण्णांकडे बघायला लागले. अण्णा गंगेच्या दिशेनं बघायला लागले. शेवटी आई पदराला हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "अगं, तो व्यायाम तेच करतात ना. सव्वा महिन्याचा संकल्प सोडलाय. मला वाटलं तुमच्या कसरतीत असंच असतं."

सगळं बाहेर आलं. एकशेआठनं खांदा सुजल्यावर अण्णांनी स्वतःच्या अकलेनं मार्ग काढला होता. यजमान अकोल्याला आपल्या दुकानात बसलेला असतो आणि त्याच्या नावानं सव्वा लाख जप काशीत होतो. नावगोत्र घेऊन संकल्प सोडला की करणारा कुणीही असो, फळ यजमानाचं. अण्णांनी चाळीस वर्षं हेच केलं होतं. तेव्हा खांद्याला वेगळा न्याय कशाला? त्यांनी डाव्या हातानं पाणी सोडता येत नाही म्हणून नीलकंठभटांकडूनच सोडवून घेतलं, 'नरहरशर्मणः दक्षिणस्कंधपीडापरिहारार्थं भित्त्यारोहणाख्यं कर्म', आणि नीलकंठभट रोज तीनदा, दहा-दहा वेळा, मनोभावे भिंत चढत होते.

ताई आधी हसली. हसता हसता उंबऱ्यावर बसली. मग उठून म्हणाली, "अण्णा, एक सांगा. नीलकंठकाका जेवले तर तुमचं पोट भरतं का?"

अण्णा अजिबात डगमगले नाहीत. "माझं नाही भरत. माझ्या वडिलांचं भरतं. दर वर्षी भाद्रपदात."

ताई वादात हरली असा प्रसंग मी आयुष्यात तेवढा एकच पाहिला. मला इतका आनंद झाला की मी आवळ्याच्या बरणीत हात घातला. पण नीलकंठभट सरळ माणूस. ते खाली मान घालून म्हणाले, "शास्त्रीबुवा, खरं सांगू का? माझी पाठ आता मला खाजवता येते. फळ मलाच मिळालं हो. मी काही घेतलं नाही, ते आपोआप आलं."

अण्णांचा चेहरा पडला. मी त्यांना हरलेलं अनेकदा पाहिलं होतं, आईपुढे तर रोजच, पण हे वेगळं होतं. ते उठून आत गेले आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. व्यायाम नाही, पारायण नाही. आईला वाटलं, ताईचं बोलणं लागलं त्यांना. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मला हाक मारली.

"तुला शिवराम आठवतो?"

मला आठवत होता. अकोटकडचा, कापसाच्या जिनिंग गिरणीतला कामगार. सहा वर्षांपूर्वी त्याचा उजवा हात यंत्रात सापडला, तेव्हा तो एकोणीस वर्षांचा होता. बाप त्याला घेऊन काशीला आला आणि अण्णांकडून मृत्युंजयाचा सव्वा लाख जप करवून घेतला.

"मी त्यांना काय सांगितलं माहीत आहे?" अण्णा म्हणाले. "हाताला मुळीच त्रास देऊ नका, फडक्यात बांधून ठेवा, बाकी महादेव बघेल. इस्पितळवाले हात हलवायला सांगत होते, पोरगा ओरडायचा, बापाचा जीव कळवळायचा. त्यानं माझं ऐकलं. मूठ मिटली ती मिटलीच. गिरणीतनं काढलं त्याला. पुढे बापही गेला. दर पितृपक्षात पोरगा येतो, मी त्याची मूठ धरतो आणि त्याच्या वतीनं पाणी सोडतो. तो मला वाकून नमस्कार करतो. एका हातानं."

मी म्हणालो, "अण्णा, तुम्ही थोडेच डॉक्टर होता?"

"नव्हतो ना," ते म्हणाले. "मग बोललो कशाला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी संध्या झाल्यावर अण्णांनी सदरा चढवला आणि कुणाला न सांगता रिक्षानं कसरतखान्यात गेले. हे मला ताईनंच सांगितलं. ती मान वर करून बघते तर बाकावर एका फिटरच्या आणि एका नावाड्याच्या मध्ये अण्णा, मांडीवर उजवा हात ठेवून. तिनं त्यांना पुढे घेतलं नाही. दीड तास बसवलं. नंबर आल्यावर विचारलं, "काम काय करता?"

"तुला माहीत नाही?"

"इथे सगळ्यांना विचारते."

"वेद म्हणतो," अण्णा म्हणाले.

"म्हणून दाखवा."

अण्णांनी सुरू केलं. आवाज चढला, हात पोटापाशी थांबला. ताईनं दंड दोन्ही हातांनी धरला. "स्वर वर गेलाय, अण्णा. हात खाली आहे. हे चूक की बरोबर?"

भिंत दहा बोटं कमी चढली तर पाप लागत नाही, पण स्वराचा हात चुकवायचा म्हणजे त्यांच्या हातून पन्नास वर्षांत घडलेलं नव्हतं. त्यांनी दात खाऊन हात वर ढकलला आणि मंत्राच्या मधोमध "आई गं!" म्हणून ओरडले.

"हे मंत्रात नाही," ताई म्हणाली. "पुन्हा पहिल्यापासून."

असं ते चालू झालं. अण्णा रोज जायचे, रोज ओरडायचे, घरी येऊन दोनदा आंघोळ करायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचे. आई त्यांच्या खांद्याला तेल लावताना म्हणायची, मुलगी आहे का कसाई. पंधरा दिवसांत शेजारच्या बाकावरचा तो नावाडी अण्णांच्या स्वराबरोबर आपलाही हात वर-खाली न्यायला लागला. अण्णांनी त्याला दटावलं, तुला याचा अधिकार नाही. ताईनं अण्णांना दटावलं, त्याला खांदा आहे. अण्णांनी मंत्र पुढे चालू केला. पुढे पुढे तर नावाड्याचा हात चुकला की अण्णा मंत्र थांबवून त्याला नीट करून दाखवायचे, तेव्हा ताई मला म्हणाली, "आता बरे होतील."

पितृपक्षाच्या आदल्या रविवारी ताईनं कोनमापक दारातून नाही, अण्णांच्या खांद्याला लावून धरलं. हात कानाला लागत नव्हता, पण कपाळापर्यंत जात होता. तेवढा कामाला पुरणार होता. प्रतिपदेला चौकी मांडली गेली, छत्री उभी राहिली. आईनं त्या दिवशी शिरा केला.

शिवरामच्या बापाची तिथी तृतीया. मी रजा घेऊन अण्णांच्या घागरी वाहायला गेलो होतो, कारण आईनं सक्त ताकीद दिली होती. शिवराम आला, गंगेत बुडी मारून ओल्या धोतरानं चौकीसमोर बसला. पंचवीस वर्षांचा, काळासावळा, बोलायला कमी. पिंड झाले. तर्पणाच्या वेळी त्यानं सवयीनं उजवी मूठ पुढे केली. बोटं तळव्यात रुतलेली, अंगठा त्यांच्यावर घट्ट मिटलेला. पितरांना पाणी सोडायचं ते अंगठा आणि तर्जनी यांच्या मधून. त्याच्या हातात ती वाटच उरली नव्हती.

अण्णांनी मूठ हातात घेतली आणि तांब्या उचललाच नाही.

"शिवराम, हा हात मी बिघडवला."

"नाही जी, गुरुजी. हात तं गिरणीनं खाल्ला."

"गिरणीनं दुखावला. मिटवला मी. तू तो हलवायला हवा होतास, रोज, ओरडत का होईना. मी नको म्हणालो."

"पन तुमी तं जप केला."

"केला. एक मणी न चुकवता केला. पण हात हलवायचं काम जपाचं नव्हतं, ते तुझं होतं. मला कळत नव्हतं, आणि कळत नसताना मी सांगितलं."

नीलकंठभट बाजूला खोकले. नुसते नाही खोकले, इशाऱ्याचं खोकले. आजूबाजूच्या छत्र्यांखालचे मंत्र हळू झाले होते. घाटावर दुसऱ्याचं ऐकण्यासाठी आपला मंत्र हळू करायची कला सगळ्यांना येते. शिवराम आपल्या मुठीकडे बघत राहिला. मग त्यानं मान वर केली.

"मंग गुरुजी, येक सांगा. मी इथं पानी सोडतो, ते माया बापाले भेटते का?"

आता एकही मंत्र ऐकू येत नव्हता. या एका प्रश्नावर आमच्या सात पिढ्या जेवल्या आहेत. उत्तर एका शब्दाचं होतं, आणि पुढे म्हणायला श्लोकही तयार होते, मला विसरूनही चार आठवत होते. मी मनात म्हणालो, अण्णा, हो म्हणा आणि मोकळे व्हा.

"मला माहीत नाही," अण्णा म्हणाले.

नीलकंठभटांच्या हातातली दर्भाची जुडी खाली पडली.

"मीही माझ्या बापाला देतो," अण्णा म्हणाले. "भेटतं असं मानून देतो. पाहिलेलं मात्र नाही. हाताचं पाहिलंय, स्वतःच्या."

"सहा वर्सं, गुरुजी," शिवराम म्हणाला. एवढंच. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं.

अण्णांनी दोन्ही हात जोडले आणि कपाळापर्यंत नेले. तीर्थोपाध्यायानं भर घाटावर यजमानाला नमस्कार केलेला मी तरी पाहिला नव्हता. तो हात ताईनं महिनाभर रडवून वर आणला होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आयुष्यभर मी या माणसाची थट्टा केली, त्या दिवशी मला त्याचा अभिमान वाटला, आणि हे मी त्याला कधी सांगितलं नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

शिवराम म्हणाला, "ऱ्हाऊ द्या जी. खाली करा हात. कुठी हाये तुमची पोरगी?"

ताईनं त्याची मूठ उलटसुलट करून पाहिली, मेणात बुडवून पाहिली, आणि कुणाला बरं वाटावं म्हणून काहीही बोलली नाही. बोटं उघडणार नाहीत, ती म्हणाली. सहा वर्षं झाली. फार तर पुढे ऑपरेशन करून बघतील. अंगठा मात्र थोडा सुटेल, आणि त्याला फार दुखेल. शिवराम आमच्याकडे राहिला. रोज अण्णांबरोबर कसरतखान्यात जायचा आणि त्याच्या ओरडण्यानं आमच्या ओळखीचा तो नावाडी रडायला लागायचा. चौकीवरचे दोन यजमान त्या पंधरवड्यात पलीकडच्या छत्रीखाली गेले. ज्या पंडिताला पाणी पोचतं की नाही हेच माहीत नाही, त्याच्याकडे कशाला बसायचं, असं म्हणाले. त्यांचं काही चुकलं नाही.

सर्वपित्री अमावास्येला शिवराम पुन्हा चौकीसमोर बसला. ताई वरच्या पायरीवर उभी होती, श्राद्धासाठी नाही, अंगठा बघायला. अण्णा मंत्र म्हणत होते, हात स्वरामागे जात होता. शिवरामनं डाव्या हातानं तांब्या धरला आणि मुठीवर ओतला. अंगठा बोटभर उघडला होता. त्या फटीतून थोडं पाणी गेलं, थोडं मनगटावरून कोपराकडे आलं, उरलेलं सगळं त्याच्याच पायांवर सांडलं.

"शास्त्रीबुवा," नीलकंठभट हळूच म्हणाले, "पाणी भलत्याच वाटेनं गेलं. पुन्हा सोडायला सांगा."

"जाऊ दे," अण्णा म्हणाले. "बाप त्याचा आहे. ओळखेल."